मृत्युपत्राची मागची बाजू

वाटपाच्या दाव्यात प्रतिवादीने कैफियतीसोबत, म्हणजे लेखी उत्तरासोबत, मृत्युपत्र आणले की बहुतेक सगळा भार साक्षांकन करणाऱ्या, म्हणजे त्यावर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्या, माणसावर येतो. मी वादी बहिणींचा वकील होतो. धाकट्या भावाने वडिलांचे, म्हणजे तात्यांचे, नोंदणी नसलेले मृत्युपत्र दाखल करून सगळ्या बागायतीवर हक्क सांगितला होता. त्यावरून फेरफारही मंजूर झाला होता, पण फेरफाराने मालकी मिळत नाही, म्हणून त्यावर वेळ घालवला नाही.

आम्हाला दिलेली झेरॉक्स फक्त दर्शनी बाजूची होती. उलटतपासाआधी मूळ दस्त पाहण्याचा अर्ज दिला. शंभराच्या मुद्रांकामागे विक्रेत्याचा शिक्का, अनुक्रमांक, तारीख आणि खरेदीदार म्हणून त्याच भावाचे नाव होते. मृत्युपत्राला मुद्रांक लागतच नाही, साधा कागद चालतो. ज्याला सगळे मिळणार त्यानेच दस्त घडवण्यात पुढाकार घेतला, ही संशयास्पद परिस्थिती ठरते. ती दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे आणणाऱ्याची, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९५९ च्या वेंकटाचल अय्यंगार निकालापासून पक्के आहे.

साक्षीदाराचा सरतपास, म्हणजे त्याला बोलावणाऱ्या बाजूने मांडलेली साक्ष, शपथपत्रावर आला. 'मयताने माझ्यासमक्ष सही केली, आम्ही दोघांनी त्यांच्यासमक्ष सह्या केल्या.' ही भाषा साक्षीदाराची नसते, भारतीय उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ६३ मधून उचललेली असते. त्याच वाक्यांवर प्रश्न विचारले तर तीच वाक्ये परत येतात. 'मृत्युपत्र वाचले होते का?' हा नव्या वकिलांचा आवडता प्रश्नही वाया जातो, कारण साक्षांकन करणाऱ्याला मजकूर माहीत असणे गरजेचेच नाही.

कलम ६३ मध्ये पळवाट वेगळीच आहे. सही होताना पाहिली नसली तरी मृत्युपत्र करणाऱ्याने 'ही माझी सही' असे साक्षीदाराला स्वतः सांगितले असेल तर चालते. हा प्रश्न थेट विचारला की साक्षीदाराच्या हाती आयते उत्तर पडते. म्हणून मी फक्त जागा आणि माणसे विचारली. त्या दिवशी तालुक्याला कशासाठी आलात? बाजाराला. कागद कुठे टाइप झाला? तहसीलबाहेरच्या टायपिंगवाल्याकडे. तुम्ही सही कुठे केली? तिथेच, बाकड्यावर. बाकड्याजवळ कोण कोण होते? दुसरा साक्षीदार आणि धाकटा भाऊ.

आणि तात्या?

"तात्यांना चालवत नव्हतं. ते घरीच होते."

न्यायाधीशांनी सांगितल्याप्रमाणे स्टेनोने टाइप केले, 'त्यावेळी मयत हजर नव्हते.' दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८ नियम १० खाली हा प्रश्न आणि उत्तर जसेच्या तसे नोंदवावे, अशी मी विनंती केली व ती मान्य झाली. 'हजर नव्हते'चा अर्थ पुढे 'क्षणभर बाजूला गेले होते' असा ओढता येतो. 'घरीच होते' ओढता येत नाही. उलटतपासात वकिलाने साक्षीदाराइतकेच स्टेनोच्या स्क्रीनकडेही बघायला हवे, असे मला ठामपणे वाटते.

त्या मुद्द्यावर मी तिथेच थांबलो. 'म्हणजे साक्षांकन झालेच नाही ना?' हा प्रश्न जिभेवर येतो, पण त्याने साक्षीदाराला सावरायची संधी मिळते. मात्र आपली बाजू साक्षीदारापुढे मांडली नाही तर युक्तिवादात ते बोचते. म्हणून शेवटी एकच मोघम सूचना केली, म्हणजे आमचे म्हणणे त्याच्यापुढे ठेवले. त्याने ते नाकारले आणि नोंद झाली, 'मृत्युपत्र कायद्यानुसार साक्षांकित झाले नाही, हे म्हणणे खरे नाही.' अशा नकाराने काही बिघडत नाही.

फेरतपासात, म्हणजे उलटतपासानंतर आपल्याच साक्षीदाराला पुन्हा विचारताना, समोरच्यांनी विचारले, "तात्यांनी नंतर सही आपलीच असल्याचे तुम्हाला सांगितले होते ना?" उत्तर सुचवणारा प्रश्न फेरतपासात चालत नाही. हरकत लगेच घ्यावी लागते, कारण उत्तर एकदा कानावर पडले की हरकतीला जोर राहत नाही. ती मंजूर झाली.

दुसरा साक्षीदार गावातच होता, तरी त्याला तपासले नाही. कायद्याला एक साक्षीदार पुरतो, पण त्या एकाने दोन्ही साक्षांकने शाबीत करावी लागतात, हे सर्वोच्च न्यायालयाच्या जानकी नारायण भोईर निकालात स्पष्ट आहे. दुसरा उपलब्ध असताना त्याला न बोलावता इतर पुराव्याचा आधार घेता येत नाही, हेही त्यातच आहे. आमच्या दाव्यात मृत्युपत्र शाबीत झाले नाही आणि बहिणींचे हिस्से ठरले.

साक्ष संपली त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाकला. युक्तिवादापर्यंत अनेकदा न्यायाधीशांची बदली होते, आणि नव्या न्यायाधीशांपुढे साक्षीदार नसतो, फक्त टाइप झालेला कागद असतो.