राक्षसी ताऱ्याचं वय काढताना

ताऱ्याचं वय कसं कळतं, हा प्रश्न पदवीच्या वर्गात दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच. तारकागुच्छ असेल तर उत्तर अवघड नाही. गुच्छातले सगळे तारे साधारण एकाच वेळी जन्मलेले असतात, त्यामुळे एचआर आकृतीत, म्हणजे तापमान आणि तेज यांच्या आलेखात, मुख्य क्रमावरून (गाभ्यात हायड्रोजन जाळणाऱ्या ताऱ्यांच्या पट्ट्यावरून) ते कुठे वळतात एवढं पाहिलं की वय हाती येतं. एकट्या ताऱ्याचं तसं नाही. त्यातून तो तांबडा राक्षसी तारा असेल तर आकृतीचा फारसा उपयोगच होत नाही. दोन अब्ज वर्षांचे आणि दहा अब्ज वर्षांचे राक्षसी तारे तिथे एकाच अरुंद पट्ट्यात दाटीवाटीने उभे असतात. तापमान जवळपास तेच आणि तेजही तेच.

आकाशगंगेचा इतिहास वाचायचा तर नेमके हेच तारे लागतात. सूर्यासारखा तारा दहा हजार प्रकाशवर्षांवर असला तर तो इतका मंद दिसतो की अशा लाखो ताऱ्यांचे चांगले वर्णपट घेणं परवडत नाही. राक्षसी तारा त्याच्या पन्नास-शंभर पट तेजस्वी, त्यामुळे तो आकाशगंगेच्या तबकडीच्या पार पलीकडूनही दिसतो. म्हणजे जे दूरवर दिसतात त्यांचं वय कळत नाही आणि ज्यांचं कळतं ते दूरवर दिसत नाहीत. ही कोंडी कशी सुटली ते नुसतं वाचून माझं समाधान होईना. सगळी निरीक्षणं फुकट उपलब्ध आहेत, घरी लॅपटॉप आहे, तेव्हा एका उन्हाळी सुट्टीत स्वतःच करून पाहायचं ठरवलं.

माझी एक जुनी विद्यार्थिनी सध्या युरोपात ताऱ्यांच्या कंपनांवर पीएचडी करते. तिला फोन केला तर म्हणाली, "सर, वयाच्या मागे लागू नका. आधी वस्तुमान काढा, वय आपोआप येईल." हे बहुधा मला धीर यावा म्हणून म्हटलं असावं. तत्त्व मात्र पक्कं आहे. गाभ्यातला हायड्रोजन संपल्यावरच तारा राक्षसी होतो आणि ही अवस्था त्याच्या एकूण आयुष्याच्या मानाने थोडाच काळ टिकते. त्यामुळे राक्षसी ताऱ्याचं वय म्हणजे जवळजवळ हायड्रोजन पुरला तेवढा काळ, आणि तो वस्तुमानावर ठरतो. सूर्याएवढ्या ताऱ्याला सुमारे दहा अब्ज वर्षं पुरतो, दुप्पट वस्तुमानाच्या ताऱ्याला जेमतेम एक अब्ज.

आता वस्तुमान कसं काढायचं? ताऱ्याच्या बाहेरच्या थरात वायू सतत उकळत असतो आणि त्या खळबळीमुळे अख्खा तारा घुमत राहतो. देवळातली मोठी घंटा खर्जात वाजते आणि देव्हाऱ्यातली छोटी घंटी किणकिणते, तसंच हे. सूर्याचं कंपन साधारण पाच मिनिटांचं, तर त्याच्या दहापट त्रिज्येच्या राक्षसी ताऱ्याचं आठ-दहा तासांचं. या कंपनांमुळे ताऱ्याचं तेज अगदी किंचित कमीजास्त होतं. २००९ साली सोडलेल्या केप्लर दुर्बिणीने हंस आणि स्वरमंडल या तारकासमूहांतल्या आकाशाच्या एका तुकड्याकडे चार वर्षं टक लावून पाहिलं, ते खरं तर ग्रह शोधण्यासाठी. पण दर साडेएकोणतीस मिनिटांनी घेतलेल्या त्या नोंदींत हजारो राक्षसी ताऱ्यांचं घुमणं आपसूक टिपलं गेलं. मला विचाराल तर ग्रहांइतकंच मोलाचं काम हे झालं. त्याचा गाजावाजा झाला नाही, एवढंच.

पायथनमधली लाइटकर्व नावाची लायब्ररी वापरून या नोंदी उतरवून घेता येतात. दर तीन महिन्यांनी केप्लरला स्वतःभोवती वळावं लागायचं, म्हणजे तोच तारा वेगळ्या पिक्सेलांवर पडायचा आणि तेजाच्या आलेखात पायरी यायची. आधी हे तुकडे सारखे करून जोडायचे आणि मग त्यांचा फूरिए वर्णपट, म्हणजे कुठल्या वारंवारतेचं कंपन किती जोरात आहे त्याचा आलेख, काढायचा. पहिल्यांदा पडद्यावर जे उमटतं ते पाहून निराशा होते. डावीकडून उजवीकडे उतरत जाणारा नुसता गोंगाट. तो आहे पृष्ठभागावरच्या उकळीचा. पण त्या उतारावर एका जागी एक उंचवटा दिसतो आणि त्या उंचवट्यात सारख्या अंतरावर उभी असलेली टोकं. उंचवट्याच्या मध्याची वारंवारता पृष्ठभागावरच्या गुरुत्वाशी बांधलेली असते आणि टोकांमधलं अंतर ताऱ्याच्या सरासरी घनतेशी. हे दोन आकडे आणि तापमान सूर्याच्या आकड्यांशी ताडून पाहिलं की वस्तुमान आणि त्रिज्या मिळते. सूर्याचा उंचवटा सुमारे ३०९० मायक्रोहर्ट्झला आहे आणि टोकांमधलं अंतर १३५ मायक्रोहर्ट्झ.

सरावासाठी एक नमुनेदार तारा घेऊ. उंचवटा ३० मायक्रोहर्ट्झला, टोकांमधलं अंतर ४, तापमान ४८०० केल्विन. सूत्रात घातलं की त्रिज्या येते सूर्याच्या दहापट आणि वस्तुमान ०.९ पट. गणित पाच मिनिटांचं. खरी डोकेदुखी इथून पुढे सुरू होते.

पहिली अडचण सूत्रातच आहे. वस्तुमान उंचवट्याच्या वारंवारतेच्या तिसऱ्या घातावर आणि टोकांमधल्या अंतराच्या चौथ्या घातावर अवलंबून आहे. अंतर मोजताना एक टक्का इकडेतिकडे झालं तर वस्तुमान चार टक्के हलतं आणि वय त्याच्याही तिपटीने. सूत्र मुळात सूर्यावर बेतलेलं, राक्षसी ताऱ्याला ते कितपत लागू पडतं हाही प्रश्नच. एकमेकांना ग्रहण लावणाऱ्या जोडताऱ्यांचं वस्तुमान कक्षेवरून स्वतंत्रपणे काढता येतं. त्यातल्या राक्षसी ताऱ्यांशी २०१६ साली तुलना केली तेव्हा दुरुस्ती न केलेलं सूत्र वस्तुमान सुमारे १५ टक्के जास्त दाखवतं असं निघालं. आता ताऱ्यांची प्रारूपं वापरून त्यात दुरुस्ती करतात. तारकागुच्छांचाही आधार मिळतो. केप्लरच्या नजरेच्या टप्प्यात एनजीसी ६७९१ आणि एनजीसी ६८१९ हे दोन गुच्छ नेमके आले. पहिला सुमारे आठ अब्ज वर्षांचा आणि दुसरा अडीच अब्जांच्या आसपासचा.

दुसरी अडचण अशी की आपला ०.९ वस्तुमानाचा तारा नक्की कुठल्या टप्प्यावर आहे ते कळत नाही. तो गाभ्याभोवतीच्या कवचात हायड्रोजन जाळत एचआर आकृतीत वर चढतोय, की गाभ्यात हेलियम पेटून खाली स्थिरावलाय? बाहेरून दोघे सारखेच दिसतात. २०११ साली याचं उत्तर मिळालं आणि या सगळ्या प्रवासात मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. उंचवट्यातली काही टोकं गाभ्यातल्या लाटांशी मिसळलेली असतात आणि त्यांच्या आवर्तकाळांतलं अंतर गाभ्याची अवस्था सांगून जातं. हेलियम पेटला नसेल तर ते शंभर सेकंदांच्या आत, पेटला असेल तर तीनशेच्या घरात. हजारो प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याच्या पोटात काय जळतंय ते तेजाच्या लुकलुकीवरून कळावं, याला काय म्हणावं?

आपला तारा हेलियम जाळणारा निघाला असं धरू. राक्षसी अवस्थेच्या शिखरावर असताना ताऱ्याचे बाहेरचे थर थोडेफार उडून गेलेले असतात. म्हणजे आज मोजलेलं ०.९ हे जन्माच्या वेळचं वस्तुमान नव्हेच. ते तसंच्या तसं धरलं आणि धातूंचं प्रमाण सूर्याइतकं मानलं, तर वय विश्वाच्या १३.८ अब्ज वर्षांच्याही पुढे जातं. जन्माच्या वेळी तो १.० होता असं मानलं की वय मुकाट्याने हद्दीत येतं. नेमकं किती वस्तुमान उडून गेलं हे त्या एका ताऱ्याकडे पाहून कळत नाही, ते गृहीत धरावं लागतं. हा मुद्दा शोधनिबंधांत एका वाक्यात उरकलेला असतो. त्या एका वाक्यावर दोन-तीन अब्ज वर्षं टांगलेली असतात.

आणि धातू. खगोलशास्त्रात हायड्रोजन-हेलियम सोडून सगळंच धातू. धातू कमी असलेला तारा त्याच वस्तुमानाचा असूनही लवकर म्हातारा होतो, म्हणजे रसायन माहीत नसेल तर वयही निघत नाही. इथे अपोजी या सर्वेक्षणाचा आधार घ्यावा लागतो. न्यू मेक्सिकोतल्या अपाची पॉइंटची अडीच मीटरची दुर्बीण आणि पुढे चिलीतल्या लास कॅम्पानसची तेवढीच दुर्बीण, दोन्हींवर अवरक्त प्रकाशातले वर्णपटमापक. अवरक्त अशासाठी, की तबकडीतल्या धुळीतून तोच पार जातो. एका वेळी तीनशे तारे. त्यासाठी ॲल्युमिनियमच्या तबकडीला ताऱ्यांच्या जागी भोकं पाडून त्यांत हाताने एकेक प्रकाशतंतू खोवायचे. वर्षानुवर्षं माणसं बसून हे काम करत होती. डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या सतराव्या प्रकाशनात साडेसहा लाखांहून जास्त ताऱ्यांचा तपशील आहे. ती फाइल काही जीबींची आहे, ती टॉपकॅट या मोठे तक्ते हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायची आणि केप्लरच्या यादीशी जुळवायची. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दोन्हींच्या जोडयादीत ६६७६ तारे आहेत. माझी मोजणी ठीक येतेय का, हे मी तिच्याशीच ताडून पाहत होतो.

मग तो प्रसिद्ध आलेख काढला. आडव्या अक्षावर लोह, उभ्या अक्षावर लोहाच्या तुलनेत मॅग्नेशियम. मोठे तारे काही दशलक्ष वर्षांतच स्फोट पावतात आणि ऑक्सिजन, मॅग्नेशियम, सिलिकॉन उधळतात. श्वेत बटूंचे, म्हणजे विझलेल्या छोट्या ताऱ्यांच्या उरलेल्या गाभ्यांचे, स्फोट उशिरा येतात, पण ते लोह भरपूर देतात. म्हणून ज्या वायूतून तारे भराभर जन्मले तिथे मॅग्नेशियम वरचढ राहिलं आणि जिथे सावकाश जन्मले तिथे लोहाने ते गाठलं. आलेखात ठिपक्यांचे दोन वेगळे पट्टे दिसतात. पुस्तकात हे चित्र शंभरदा पाहिलं होतं. आपण काढलेल्या वयांचे रंग त्यावर भरल्यावर वरचा पट्टा जवळपास सगळा म्हाताऱ्या ताऱ्यांचा निघाला, तेव्हा खुर्चीतून उठून एक फेरी मारून आलो. या वरच्या पट्ट्यातला एक तारा आपल्या ओळखीचा आहे. स्वाती. जेमतेम ३७ प्रकाशवर्षांवरचा हा राक्षसी तारा लोहाच्या मानाने मॅग्नेशियमने समृद्ध आहे. तो आपल्या शेजारून नुसता जातोय, इथला नाही. त्याची चाल इतकी वेगळी की ती खगोलशास्त्रज्ञ हॅलेच्याही १७१८ साली लक्षात आली होती.

वरच्या पट्ट्यात मधूनच काही तरुण रंगाचे ठिपके होते. आधी वाटलं मोजणी चुकलीय. पण २०१५ मध्येच दोन गटांनी हे तारे दाखवून दिलेले आहेत. रसायन म्हाताऱ्याचं, वस्तुमान तरुणाचं. विद्यार्थिनीला विचारलं तर म्हणाली, "सर, त्यांनी शेजाऱ्याचं खाल्लंय." जोडीदाराचा वायू ओढून घेतला किंवा दोन तारे एकत्र झाले की वस्तुमान वाढतं आणि घड्याळ खोटं बोलतं. बहुतेकांच्या बाबतीत आज हेच स्पष्टीकरण मानलं जातं. मला ते पटतं, पण त्यातून एक टोचणारी गोष्ट निघते. मॅग्नेशियम जास्त असलेले हे तारे निदान उठून दिसले. खालच्या पट्ट्यात असेच फसवे तारे असतील तर ते रंगावरून ओळखायचे कसे?

केप्लरचा तुकडा आकाशाच्या मानाने चिमूटभर. अख्ख्या तबकडीचा नकाशा करायचा तर वय वर्णपटातूनच काढावं लागतं. त्यासाठी कार्बन आणि नायट्रोजनचं गुणोत्तर वापरतात. तारा राक्षसी होताना आतला भाजलेला माल वर येतो, त्यात नायट्रोजन वाढलेला आणि कार्बन घटलेला असतो. तारा जितका जड तितका हा फरक मोठा. केप्लरच्या ताऱ्यांवर संगणकाला शिकवायचं आणि मग लाखो वर्णपटांतून वय वाचायचं. यातूनच तबकडी आतून बाहेर वाढत गेल्याचे नकाशे निघाले. पण इथे मी जरा हट्टी आहे. संगणकाला मॅग्नेशियमही दाखवलं असेल तर तो कार्बन-नायट्रोजनऐवजी 'मॅग्नेशियम जास्त म्हणजे म्हातारा' एवढंच शिकून मोकळा होतो. मग त्या वयांवरून मॅग्नेशियम आणि वय यांचा संबंध सिद्ध केला तर सिद्ध काय झालं? अशी यादी हाती आली की वय कशातून काढलंय हे आधी पाहायचं, आकडा नंतर.

खालच्या पट्ट्याने मात्र माझी समजूतच बदलली. जुन्या ताऱ्यांत लोह कमी, नव्यांत जास्त, असं मी वर्गात सांगत आलो. पण सूर्याच्या परिसरात एकाच वयाच्या ताऱ्यांत लोहाचं प्रमाण कुठल्या कुठे पसरलेलं आहे. तारे जन्मले तिथे राहत नाहीत, सर्पिल भुजांच्या ओढीने आतबाहेर सरकतात. केंद्राकडे धातू जास्त असतात आणि सूर्यात त्याच्या शेजाऱ्यांच्या मानाने ते थोडे जास्तच, म्हणून सूर्यही आतून इकडे आला असावा असं अनेकांना वाटतं.

कुणाला हे करून पाहायचं असेल तर टेस दुर्बिणीच्या नोंदींपासून सुरुवात करू नये. तिच्या एका तुकड्यात २७ दिवसांच्याच नोंदी असतात, त्यात चार मायक्रोहर्ट्झचं अंतर धड मोजता येत नाही. एनजीसी ६८१९ मधले राक्षसी तारे घ्यावेत. केप्लरच्या चार वर्षांच्या नोंदी आहेत आणि सगळ्यांचं वय एकच यायला हवं. ते किती वेगवेगळं येतं ते आधी पाहून घ्यावं, मग गुच्छाबाहेरच्या एकट्या ताऱ्यांकडे वळावं. या सुट्टीत माझ्या वर्गातली दोन मुलं तेच करताहेत.