स्वेटर, कंगवा आणि चटके
नागपूरला हिवाळ्यात आत्याकडे गेलं की घरात कोणाला ना कोणाला चटका बसतच असतो. प्लास्टिकच्या खुर्चीतून उठून कडीला हात लावला की चट्ट! आत्याचं ठरलेलं, "दारात करंट उतरलाय, वायरमनला बोलवा रे." आता लाकडी दाराच्या कडीत कुठून येणार करंट, चार्ज, म्हणजे साचलेली स्थिर वीज, आपल्याच अंगावर असतो. व्होल्टेज म्हणाल तर दोन-तीन हजाराच्या खाली तो चटका जाणवतही नाही म्हणे, पण चार्ज एवढासाच असतो म्हणून आपण नुसतं "आई गं" करून सुटतो.

खरी गंमत रात्री लाईट घालवून स्वेटर काढण्यात आहे, आत टेरीकॉटचा शर्ट असेल तर बघायलाच नको, चटचट आवाज आणि अंधारात बारीक निळसर ठिणग्या. आणि यात नवीन काहीच तयार होत नाही हो! पॉझिटिव्ह-निगेटिव्ह प्रत्येक अणूत आधीपासून सारखंच असतं म्हणून कळत नाही, दोन वेगळ्या वस्तू एकमेकींना चिकटून सुटल्या की एकीचे थोडे इलेक्ट्रॉन, म्हणजे अणूतले निगेटिव्ह कण, दुसरीकडे राहतात, घासलं की जास्त राहतात, बस्स. ज्याचे गेले तो पॉझिटिव्ह, ज्याला मिळाले तो निगेटिव्ह.

म्हणजे हरवलं त्याला प्लस! ही अमेरिकन शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिनची कृपा. त्याने १७४७ च्या सुमारास अंदाजाने प्लस-मायनस ठरवलं आणि इलेक्ट्रॉन सापडला थेट १८९७ मध्ये, तोवर सगळ्यांच्या सवयी पक्क्या झालेल्या, त्यामुळे आजही सर्किटमधला करंटचा बाण इलेक्ट्रॉनच्या उलटा.

शाळेतला कंगवा आणि कागदाचे कपटे सगळ्यांनी केलंय, पण कपटे चिकटले की लोक टाळ्या वाजवून मोकळे होतात. जरा थांबून बघा, एखादा कपटा मधेच टुणकन उडून पडतो. कंगव्याला टेकून टेकून त्याच्यावरही कंगव्याचाच चार्ज आलेला असतो, मग दोघं एकमेकांना ढकलणारच. मला चिकटण्यापेक्षा हे उडणं जास्त आवडतं.

मुंबईकरांना यातलं फारसं काही माहीत नसतं, तिथल्या दमट हवेत वस्तूंवर पाण्याचा पातळसा थर असतो आणि चार्ज त्यावरून कधीच पसार होतो. बाकी कोरड्या गावात गाडीतून उतरताना चटका बसत असेल तर सीटवरून उठायच्या आधीच दाराचा उघडा पत्रा धरायचा आणि पाय जमिनीला लागेपर्यंत सोडायचा नाही.