कोयनेच्या भूकंपावरचा सेमिनार आणि माझी पीपीटी

एम.ए.ला भूगोलात सेमिनारसाठी मला विषय आला कोयनेचा भूकंप. दहा मिनिटं बोलायचं आणि पीपीटी कंपल्सरी. आमच्याकडे पीपीटी म्हणजे अख्ख्या नोट्स कॉपी-पेस्ट करायच्या आणि वर्गाकडे पाठ करून वाचत सुटायचं, तोवर पोरांचं मनातल्या मनात वाचून पण झालेलं असतं. म्हणून मी लॅपटॉप उघडायच्या आधी वहीत लिहून काढलं की कुठलं नुसतं बोलून कळेल आणि कुठलं दाखवल्याशिवाय कळणारच नाही. 11 डिसेंबर 1967 ची पहाट, कोयनानगरची पडझड, हे सांगता येतं. पण धरणात पाणी साठल्यावर जमीन का हलावी, हे कितीही हातवारे केले तरी डोक्यात शिरत नाही.

नेटवरच्या आकृत्यांत बाणच बाण, म्हणून दरीचा उभा छेद स्केचपेनने स्वतःच काढला आणि मोबाइलने फोटो घेतला. तेच चित्र तीन स्लाइडवर: आधी कोरडी दरी आणि खाली खडकातला भ्रंश (म्हणजे जिच्या बाजूने खडक सरकतात ती मोठी भेग), मग 103 मीटर उंच धरण आणि त्यामागे पाणी, मग तेच पाणी भेगांतून झिरपत भ्रंशापर्यंत पोचलेलं. अ‍ॅनिमेशन मुद्दाम नाही टाकलं, कारण डिपार्टमेंटच्या जुन्या पीसीवर काय चालेल याचा भरवसा नसतो आणि पीडीएफ केली की अ‍ॅनिमेशन जातंच, तीन वेगळ्या स्लाइड मात्र कुठेही चालतात. फाँट मुक्ता, युनिकोड. जुन्या फाँटात टाइप केलेलं दुसऱ्या मशीनवर अगम्य चिन्हं होऊन बसतं. आणि मराठीला ओळींत अंतर जरा जास्तच ठेवावं लागतं, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकतात.

सगळ्यात जास्त वेळ ग्राफने खाल्ला. पाण्याची पातळी आणि हादऱ्यांची संख्या असा एक ग्राफ एका रिसर्च पेपरमध्ये मिळाला होता पण त्यातले आकडे मुंगीएवढे, मग एक्सेलमध्ये परत काढला, जाळीच्या रेघा उडवल्या, कोपऱ्यातली लेजेंड (कुठली रेष कशाची ते सांगणारी चौकट) काढून नावं थेट रेषांशेजारी लिहिली, निळं पाणी, काळे हादरे. वर 'जलपातळी व भूकंप' असं मथळ्यासारखं न लिहिता सरळ वाक्यच टाकलं: 'पावसाळ्यात पाणी चढतं, मग हादरे वाढतात'. एवढं वाचून पोरं परत माझ्याकडे बघायला लागतात, हाच तर फायदा.

आदल्या दिवशी मैत्रिणीला शेवटच्या बाकावर बसवून सगळं वाचायला लावलं. आमच्या वर्गाला पडदे नाहीत, त्यामुळे काळं बॅकग्राउंड बाद, पांढऱ्यावर काळं आणि अक्षराचा साइज 32 च्या खाली नाही.

पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, हे सांगताना कीबोर्डवरचं 'B' दाबलं. स्क्रीन काळी होते, परत दाबलं की येते. त्या आकड्यासोबत पडलेल्या घरांचा फोटो लावणं मला बरं वाटेना.

शेवटी गुलाबवाली 'थँक यू' स्लाइड ठेवली नाही, तिसरं चित्रच ठेवलं. एकाने विचारलं, मग धरण रिकामं केलं तर भूकंप थांबतील का? भ्रंशावर बोट ठेवून म्हटलं, ताण मुळात या खडकातला, पाणी फक्त निमित्त होतं असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्यावर सर म्हणाले ग्राफ परत दाखव, मी ग्राफच्या स्लाइडचा नंबर, चार, दाबून एंटर मारलं.