पुराच्या लाइव्हला शून्य व्ह्यूज

गेल्या पावसाळ्यातली केस आहे, पण डोक्यातनं जात नाही म्हणून लिहितेय. आमची सांगलीत विश्रामबागला छोटी टीम आहे, लोकल न्यूज चॅनेलवाल्यांसाठी एआय एजंट चालवतो. चॅनेलवाला व्हॉट्सॲपवर विचारतो "काल कुठला व्हिडिओ चालला" आणि एजंट यूट्यूबचे आकडे काढून सांगतो. लोकांना वाटतं एजंटला यूट्यूब आतनं दिसतं. त्याला फक्त टूलची, म्हणजे आकडे आणून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामची, यादी मिळते, प्रत्येकाचं नाव, त्यात काय भरायचं आणि दोन-चार ओळींचं वर्णन. मागचा कोड त्याला दिसत नाही, कुठलं टूल घ्यायचं आणि आलेल्या आकड्याचा अर्थ काय, हे तो त्या ओळींवरनंच ठरवतो.

तर मंगळवारी पहाटेपासून एका चॅनेलने कृष्णेवरच्या आयर्विन पुलावरनं लाइव्ह केलं. पाणी ४० फुटांची इशारा पातळी ओलांडून ४५ च्या धोका पातळीकडे चाललेलं, सगळ्यांचे डोळे त्या लाइव्हवर. बुधवारी सकाळी चॅनेलच्या मालकांचा फोन, "मॅडम, काय ओ हे? अख्खा गावभाग जागा होता आणि तुमचा एजंट म्हणतोय मंगळवारी शून्य व्ह्यूज. मी ते बघायच्या आधी पोरानं जाहिरातीच्या पार्टीला पाठवलं पण."

लॉग काढला. दोन टूल होती, एक यूट्यूबच्या ॲनालिटिक्स एपीआयवर, दुसरं डेटा एपीआयवर (एपीआय म्हणजे प्रोग्रामने यूट्यूबकडनं माहिती मागायची खिडकी). वर्णनं काय, तर "चॅनेलची आकडेवारी मिळवा" आणि "व्हिडिओची आकडेवारी मिळवा". बास. ही टूल पुरवणारा सर्व्हर आधी दुसऱ्या एका कंपनीने करून दिलेला. एजंटने पहिलं टूल घेतलं, मंगळवारची तारीख टाकली, रिकामी यादी आली आणि त्याने रिकाम्याचं शून्य केलं. त्याला दोष कसा देणार?

ॲनालिटिक्सचे आकडे दोन-तीन दिवस मागे असतात हे ज्याने रोज बघितलंय त्यालाच माहीत. शिवाय तिथला दिवस कॅलिफोर्नियाच्या, म्हणजे पॅसिफिक, वेळेने मोजतात, म्हणजे पावसाळ्यात आपल्याकडे दुपारी साडेबाराला तारीख बदलते. मंगळवारी पहाटेचं सगळं लाइव्ह तिथं सोमवारच्या खात्यात जातं! म्हणजे शुक्रवारी विचारलं असतं तरी मंगळवार टाकून पहाटेचे व्ह्यूज सापडलेच नसते. डेटा एपीआयच्या टूलने व्हिडिओचे आत्तापर्यंतचे एकूण व्ह्यूज लगेच दिले असते, पण ते त्याने का घ्यावं हे कुठंच लिहिलं नव्हतं.

आमच्यातला एक डेव्हलपर लगेच म्हणाला एजंटच्या मागचं एआय मॉडेल बदलूया, महागडं घेऊया. हुशार मुलगा आहे, पण हे मला अजिबात पटत नाही. जे कुठंच लिहिलेलं नाही ते महागडं मॉडेल कुठनं वाचणार? नोव्हेंबर २०२४ मध्ये एमसीपी, म्हणजे एआयला टूल जोडायची ठरलेली पद्धत, आली तेव्हापासून टूल जोडणं दुपारभराचं काम झालंय आणि वर्णन म्हणजे शेवटी उरकायची ओळ. कोड रिव्ह्यूत त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही.

मी चॅनेलच्या एडिटरला शेजारी बसवून पहिल्या टूलचं वर्णन नव्याने लिहिलं, कारण लोक काय विचारतात हे त्यालाच माहीत. ते असं झालं: "चॅनेलचे दिवसवार आकडे. शेवटचे तीन दिवस अपुरे असू शकतात. रिकामी यादी म्हणजे आकडे अजून आले नाहीत, शून्य नव्हे, तसंच सांगा. तारीख पॅसिफिक वेळेची आहे, भारतातल्या सकाळच्या व्हिडिओसाठी आदला दिवसही मागा. काल-आजच्या व्हिडिओचे एकूण व्ह्यूज हवे असतील तर हे टूल वापरू नका, व्हिडिओचं टूल वापरा." मग एककं. एकूण बघितलेला वेळ मिनिटांत येतो, सरासरी वेळ सेकंदांत, एकाच उत्तरात, आणि हे न सांगितल्यामुळे एजंट बिनधास्त मिनिटं म्हणून सेकंद छापत होता. शॉर्ट्सचं वेगळं लिहिलं, कारण ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट सुरू झाला किंवा परत पहिल्यापासून चालला की व्ह्यू मोजतात, किमान वेळेची अट नाही, त्यामुळे त्याच्या आधीच्या महिन्यांशी तुलना करायची तर एंगेज्ड व्ह्यूज, म्हणजे जुन्या पद्धतीने मोजलेले, घ्या.

तोच प्रश्न परत टाकला. एजंटने व्हिडिओचं टूल घेतलं, एकूण व्ह्यूज दिले आणि दिवसवार आकडे अजून यायचेत असं स्वतःहून सांगितलं. मला लई बरं वाटलं.

पण पार्टीला हवं होतं "एका वेळी किती लोक बघत होते". तो आकडा डेटा एपीआय लाइव्ह चालू असतानाच देतो, लाइव्ह संपलं की तिथनं गेला. कुठल्याही वर्णनाने तो परत येत नाही. आता आम्ही लाइव्ह चालू असताना दर मिनिटाला तो साठवतो आणि टूलमध्ये लिहिलंय की आधीच्या लाइव्हसाठी हा आकडा नाही, अंदाज करू नका.

अडलंय ते एवढ्यावर की वर्णनं वाढत चाललीत, प्रत्येक प्रश्नाला ती सगळी एजंटच्या पुढ्यात जातात आणि खर्च वाढतो. डेव्हलपर म्हणतो रिकामी यादी पाठवूच नका, टूलनेच "आकडे अजून आले नाहीत" असं उत्तर द्यावं. हे त्याचं मला पटलंय, पण तारखेचा घोळ तसा सुटत नाही, कारण तिथं चुकीच्या दिवसाचा आकडा अगदी खरा दिसतो. त्या ओळी मी काढू देत नाहीये.