लेबलवर ०.१, बाटलीत किती?

एका आम्लाच्या नमुन्याची संहती, म्हणजे त्यात आम्लाचं प्रमाण किती, ते काढायचं होतं. त्यासाठी लागणारं ०.१ मोलर (लिटरमागे ०.१ मोल) सोडियम हायड्रॉक्साइड मीच बनवलं. ४ ग्रॅम गोळ्या तोलल्या, विरघळवल्या, एक लिटरच्या खुणेपर्यंत पाणी भरलं आणि बाटलीवर ०.१ लिहिलं. मॅडमनी लेबल पाहून विचारलं, "मोजलंस का?"

"हो, चार ग्रॅम."

"वजन नाही गं, द्रावण."

या गोळ्या हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात. काट्यावर ठेवल्यावर थोड्याच वेळात त्या ओलसर चकाकताना मी स्वतः पाहिल्या होत्या, पण त्याचा अर्थ लावला नव्हता. माझ्या ४ ग्रॅममध्ये पाणीही होतं आणि थोडं कार्बोनेटही. किती, ते काटा सांगू शकत नाही. म्हणून हे द्रावण अशा पदार्थाशी ताडून पाहावं लागतं, ज्याच्या वजनावर विश्वास ठेवता येतो.

आमच्याकडे त्यासाठी पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट होतं. सगळे त्याला केएचपीच म्हणतात. ते शुद्ध मिळतं, तोलताना ओलावा धरत नाही, आणि मोलर वस्तुमान (एका मोलचं वजन) २०४.२२ ग्रॅम असल्यामुळे एका टायट्रेशनला, म्हणजे अभिक्रिया पूर्ण होईपर्यंत द्रावण मोजून सोडण्याच्या एका फेरीला, अर्धा ग्रॅम घ्यावं लागतं. एवढ्या वजनात काट्याची बारीक चूक जाणवत नाही. ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास वाळवून डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) थंड केलं. पाणीही उकळून गार केलेलं घेतलं, म्हणजे त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो.

पहिल्या दिवशी तीन टायट्रेशन केली. उत्तरं आली ०.०९२१, ०.०९६८ आणि ०.०९४४. एकाच बाटलीतलं द्रावण, आणि तीन वेगळी उत्तरं! यांची सरासरी काढून मोकळं व्हावं असं क्षणभर वाटलं, पण चुकीच्या आकड्यांची सरासरी मला कुठे नेणार होती? घरी न जाता एकेक पायरी पुन्हा आठवत बसले.

ब्युरेट (द्रावण मोजून सोडायची, खुणा आणि तोटी असलेली काचनळी) मी पाण्याने धुतली होती, पण भरण्याआधी सोडियम हायड्रॉक्साइडनेच खळबळून घेतली नव्हती. आत राहिलेल्या पाण्याने द्रावण पातळ झालं. तोटीखालच्या टोकात हवेचा बुडबुडा होता, तो मध्येच निघाला आणि न सांडलेलं द्रावणही सांडल्यासारखं मोजलं गेलं. दोन्ही चुकांनी रीडिंग वाढतं आणि संहती कमी दिसते. दुसऱ्या वेळी फनेल वरच राहिली होती. तिच्यातून पाच-सहा थेंब ब्युरेटमध्ये गळले असतील, तर ०.३ मिलिलिटरचा फरक तिथेच पडला. एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा, हे मला पाठ होतं. त्याचं महत्त्व त्या दिवशी कळलं.

तिसऱ्याचा दोष रंगाचा. अभिक्रिया पूर्ण झाल्याचं रंगाने दाखवणारं फिनॉल्फथेलिन गडद गुलाबी होईपर्यंत मी थांबले होते. फ्लास्कखाली पांढरी टाइल ठेवून, शेवटी एकेक थेंब सोडत, अगदी फिकट गुलाबी छटा निदान ३० सेकंद टिकली की थांबायचं. नंतर ती हळूहळू जाते, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. तेव्हा आणखी थेंब टाकायचा नाही. हा संयम मला सगळ्यात अवघड गेला.

दुसऱ्या दिवशी:
०.५१०८ ग्रॅमला २६.१५ मिलिलिटर,
०.५०६२ ला २५.९०,
०.५१४७ ला २६.३५.

ग्रॅमला २०४.२२ ने भागून मोल, मोलला लिटरने भागून संहती. दोन्ही पदार्थ एकास एक प्रमाणात अभिक्रिया करतात, त्यामुळे आणखी गुणाकार नाही. उत्तरं ०.०९५६, ०.०९५७, ०.०९५६. पुढचे दशांश न छाटता काढलेली सरासरी ०.०९५७. वजनं वेगळी, रीडिंगं वेगळी, आणि तरी तिन्ही एका जागी आली, तेव्हा खरंच भरून आलं.

लेबलवरचा ०.१ धरून पुढे गेले असते तर आम्लाची संहती सुमारे ४.५ टक्के जास्त आली असती, आणि कुठल्याच आकड्यात ती चूक दिसली नसती. जुनं लेबल काढून नव्यावर ०.०९५७ आणि तारीख लिहिली. द्रावण घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बाटलीत ओतलं, कारण काचेचं बूच त्यात चिकटून बसतं. मग आम्लाचा नमुना पिपेटने घेतला.