दुसरा ब्लीड

मे महिना, दिल्ली-बंगळुरू फ्लाईट, एअरबस ए३२०, मी राइट सीटवर म्हणजे को-पायलट आणि विमान सर, म्हणजे कॅप्टन, उडवत होते. ३५,००० फुटांवर होतो, भोपाळ नुकतंच मागे पडलेलं, तेवढ्यात टिंग वाजलं आणि ईकॅमवर, म्हणजे बिघाड दाखवणाऱ्या स्क्रीनवर, पिवळा मेसेज आला, इंजिन १ ब्लीड फॉल्ट. ब्लीड म्हणजे इंजिनातून काढलेली गरम हवा, तीच पॅकमध्ये, म्हणजे विमानाच्या एसी युनिटमध्ये, थंड होऊन केबिनला जाते आणि तिच्यामुळेच एवढ्या उंचीवर आपल्याला श्वास घेता येतो. एका इंजिनाचा ब्लीड गेला तर क्रॉसब्लीड, म्हणजे दोन्ही बाजू जोडणारा व्हॉल्व्ह, उघडून दुसऱ्यावर दोन्ही पॅक चालतात. चेकलिस्ट लगेच झाली.

सर म्हणाले, "आता दुसऱ्याकडे बघत बस, सगळा लोड त्याच्यावर आलाय." आणि एपीयू, म्हणजे शेपटीतलं छोटं इंजिन, त्याच्यातूनही ब्लीड मिळतो, ते आत्ताच चालू करून ठेवायला लावलं. एरवी ब्लीडचं टेंपरेचर २०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, २५७ च्या वर काही वेळ राहिलं की व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो. मी फ्लाईट प्लॅनच्या कडेला वेळ आणि आकडा लिहायला लागलो, २३१, २३८, २४४, थांबेच ना. २५० ला सरांनी एटीसीकडे (हवाई वाहतूक नियंत्रण) खाली यायला क्लिअरन्स मागितला पण खाली ट्रॅफिक होतं, ते थांबा म्हणाले, आणि ते थांबणं मला आजही आठवतं कारण तेवढ्यात २५९ झालं आणि दुसराही गेला.

दोन्ही पॅक बंद. केबिनमधला हवेचा दाब काही फटकन जात नाही, हळूहळू गळतो, आतली हवा मिनिटाला ५०० फूट वर चढल्यासारखी विरळ होत होती, आणि मला तेच जास्त धोक्याचं वाटतं कारण शरीराला काही कळत नाही. ग्रीसमध्ये २००५ साली केबिनमध्ये दाब न भरलेल्या विमानात जवळजवळ सगळे असेच बेशुद्ध झाले आणि विमान कोसळलं, १२१ माणसं गेली. आम्ही मास्क लावले, मी रेडिओवर पॅन-पॅन, म्हणजे तातडीचा इशारा, दिला, सरांनी स्पीडब्रेक (पंखांवरच्या उचलणाऱ्या फळ्या) ओढून विमान खाली घातलं. मास्कमधून आपलाच श्वास कानात मोठ्याने ऐकू येतो, त्यात एटीसीचं बोलणं, मी प्रत्येक गोष्ट दोनदा कन्फर्म करत होतो. खाली सातपुडा, पण धूपगड म्हणजे सगळ्यात उंच शिखरसुद्धा साडेचार हजार फुटांच्या आतच, त्यामुळे १०,००० पर्यंत यायला अडचण नव्हती.

२०,००० च्या खाली आल्यावर एपीयू ब्लीड ऑन केला, एक पॅक आला. केबिनमधली हवा ९१०० फुटांवर असते तेवढी विरळ होऊन थांबली. ९५५० ला लाल वॉर्निंग येते आणि १४,००० ला पॅसेंजरांचे मास्क पडतात, ते काही पडले नाहीत. केबिन इनचार्ज ताई इंटरकॉमवर म्हणाल्या, लहान मुलं कान दुखतात म्हणून रडतायत, बाकी ठीक आहे.

नागपूरला उतरलो. दार उघडलं तर भट्टीसारखी झळ आत आली. इंजिनिअर लॉगबुक वाचत होता, सरांनी त्याला माझा तो कडेला लिहिलेला कागद दाखवला, तर तो म्हणाला हा मला द्या, फॅन एअर व्हॉल्व्ह, म्हणजे ब्लीड थंड करायला गार हवा सोडणारा, नीट उघडत नसणार, आधी तोच बघतो, आणि कागद घडी करून खिशात घातला.