फिकट पापणी, लेंडीतली अंडी: शेळ्यांच्या जंतांवरची नोंद

या वेळची नोंद जवळजवळ सगळी जंतांवरच आहे. वाढलेले खूर, एकीच्या कानामागचे गोचीड वगैरे किरकोळ कुरबुरी नेहमीच्या उपायांनी मिटल्या, त्यांत लिहिण्यासारखं काही नाही.

मोठा बदल म्हणजे सगळ्या शेळ्यांना एकाच दिवशी जंताचं औषध पाजणं बंद केलंय. आता पापणी बघायची आणि जिला गरज दिसते तिलाच पाजायचं. औषधातून जे जंत वाचतात ते त्या औषधाला दाद न देणारेच असतात. सगळा कळप एकदम पाजला की पुढचे काही दिवस कुरणावर फक्त त्यांचीच अंडी पडतात. काही शेळ्या बिनऔषधाच्या ठेवल्या तर त्यांच्या पोटातले साधे जंतही अंडी घालत राहतात आणि चिवटांचं प्रमाण आटोक्यात राहतं. शिवाय कळपातले बहुतेक जंत मोजक्याच शेळ्यांच्या पोटात असतात. त्या ओळखता आल्या की निम्मं काम झालं.

पापणी बघायची पद्धत उपयोगी पडते ती हिमोंकस या जंतासाठी. तो शेळीच्या चौथ्या पोटात राहून रक्त पितो आणि त्याची एक मादी दिवसाला हजारो अंडी घालते. याच्यामुळे हगवण लागेलच असं नाही. लेंड्या छान गोळीबंद पडतायत म्हणून निर्धास्त राहणाऱ्याला हा हमखास फसवतो. दिसतं ते एवढंच: शेळी मलूल होते, कळपाच्या मागे रेंगाळते, पापणी फिकट पडते आणि पुढे जबड्याखाली पाणी उतरतं.

तपासणीसाठी दक्षिण आफ्रिकेत मेंढ्यांसाठी तयार झालेला ‘फमाचा’ (FAMACHA) नावाचा, पापणीचा रंग जुळवून बघायचा तक्ता वापरतोय, शेळ्यांनाही तो चालतो. 1 म्हणजे लालबुंद, 5 म्हणजे जवळजवळ पांढरी. वरची पापणी अंगठ्याने मिटवून बुबुळावर अलगद दाबायची, तसंच दाबून धरत दुसऱ्या अंगठ्याने खालची पापणी खाली ओढायची, की आतलं मांसल अस्तर बाहेर येतं. रंग त्या अस्तराचा बघायचा, पापणीच्या कडेचा नाही. आणि पटकन बघायचा, कारण उघडं राहिलं की ते लाल होत जातं. दोन्ही डोळे तपासून जो जास्त फिकट तो आकडा लिहायचा. 4 आणि 5 ला औषध नक्की. 3 आला तर करडं, गाभण आणि नुकत्याच व्यालेल्या शेळ्या यांना देतो. विण्याच्या आसपास शेळीची जंतांविरुद्धची ताकद कमी होते, म्हणून त्यांच्या बाबतीत हात आखडता घेत नाही.

2 आणि 3 मध्ये अजूनही गोंधळ होतो. तो कमी झाला तो दोघांनी एकमेकांना न सांगता आपापला आकडा लिहून मग ताळा करायला लागल्यावर. गोठ्याच्या सावलीत बघणं पूर्ण सोडलं, आता उन्हातच. मोबाइलवर फोटो काढून तक्त्याशी जुळवण्याचा नाद मात्र कुणी करू नका. कॅमेरा रंग स्वतःच्या मनाने बदलतो. धुळीने किंवा डोळे आल्याने पापणी लाल असेल तर आकडा विश्वासाचा नाही. उलट फिकटपणा उवांमुळे किंवा यकृतातल्या चपट्या कृमीमुळेही येतो, सगळं हिमोंकसच्या माथी मारू नये.

आमच्या कबरी नावाच्या शेळीचं उदाहरण सांगतो. संध्याकाळी चरून आली की हनुवटीखाली मऊ, बोट दाबलं तर खळगा राहील अशी सूज. सकाळी सूज जवळजवळ गायब. दिवसभर मान खाली घालून चरल्यावर पाणी तिथे साचतं आणि रात्रीत ओसरतं, म्हणून फक्त सकाळी गोठ्यात डोकावणाऱ्याला ते कळतच नाही. पापणी 4. डॉक्टरांना दाखवलं, तिचं वजन करून त्यांनी मात्रा ठरवली. शेळीचं शरीर बरीचशी जंतनाशकं मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकतं, त्यामुळे मेंढीची मात्रा तिला अपुरी पडते. पण म्हणून आपणच दुप्पट पाजायचं नाही. लेव्हामिसोलसारख्या औषधात योग्य मात्रा आणि विषबाधा यांत फार अंतर नसतं. सूज ओसरली, पण पापणीला रंग चढायला त्याहून बराच वेळ लागला. दुधाच्या शेळीला औषध दिलं की दूध किती दिवस वापरायचं नाही तेही त्याच वेळी विचारून घ्या. शेळी उठतच नसेल किंवा पापणी पांढरीफटक असेल तर तक्ता बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना बोलवा.

आता मजेचा भाग: सूक्ष्मदर्शक. मॅकमास्टर काचपट्टीवर, म्हणजे रेषा आखलेले दोन कप्पे असलेल्या मोजणीच्या पट्टीवर, अंडी मोजायला लागलोय. 2 ग्रॅम ताजी लेंडी 28 मिली संपृक्त मिठाच्या पाण्यात कुस्करायची, गाळायची, पट्टीच्या दोन्ही कप्प्यांत भरायची आणि पाचेक मिनिटं थांबायचं. अंडी हलकी, ती वर तरंगतात. रेषांच्या आत दिसलेली दोन्ही कप्प्यांतली अंडी मोजून 50 ने गुणलं की एका ग्रॅममधली संख्या मिळते. लेंडी ताजीच हवी. उबेत पडून राहिली तर अंडी फुटून अळ्या बाहेर येतात आणि आकडा खोटा कमी येतो. लगेच बघणं जमणार नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. हवेचे बुडबुडे सुरुवातीला फार छळतात, पण त्यांची कड जाड, काळी आणि अगदी गोल असते. अंडं लांबट, पातळ कवचाचं, आत पेशींचा पुंजका.

हिमोंकसचं अंडं आणि त्याच्या भाऊबंदांची अंडी या पट्टीवर वेगळी ओळखता येत नाहीत, म्हणून पापणी आणि संख्या दोन्ही शेजारी शेजारी लिहितो. त्यापेक्षा लहान, अंडाकृती दिसतात त्या कॉक्सिडिया या आतड्यातल्या एकपेशीय परजीवीच्या पुटिका. धडधाकट मोठ्या शेळीत त्या थोड्या सापडल्या तर घाबरायचं कारण नाही. दूध तुटलेल्या करडाला हगवण असेल आणि त्या ढिगाने दिसल्या, तर उपचार त्यांच्यावर हवा. नेहमीचं जंताचं औषध तिथे काही करत नाही.

औषध लागू पडलं का हे बघायला पाजण्याआधी एकदा आणि 10 ते 14 दिवसांनी पुन्हा त्याच शेळ्यांची मोजणी करतो. संख्या 95 टक्क्यांपेक्षा कमी घटली तर जंत त्या औषधाला सरावल्याची शंका घ्यायची. आमच्या कळपात एका औषधाचं तसंच निघालं. आकडे डॉक्टरांपुढे ठेवले आणि दुसऱ्या गटातलं औषध ठरलं. माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचं सार्थक या एका वहीच्या पानात झालं.

कुरणाकडेही लक्ष गेलंय. बहुतेक अळ्या गवताच्या बुडाशी चारपाच सेंटिमीटरांतच असतात, म्हणून गवत वीतभर उरलं की कळप पुढे हलवतो. झुडपांचा पाला असेल तिथे चरायला सोडणं त्याहून बरं.

चपट्या कृमीची अंडी जड असतात, ती मिठाच्या पाण्यात तरंगत नाहीत. त्यांच्यासाठी गाळ बसवायची पद्धत शिकायची राहिलीय. कुणी करत असेल तर गाळाला रंग कोणता देता आणि पाणी किती वेळा बदलता, तेवढं सांगा.